'प्रीपोन' खोडला जातो, मग 'वर्केशन' कसा चालतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. चौथीपर्यंत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, आता कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला नोकरी. पाहुण्याला पाठवायच्या मेलमध्ये तुम्ही 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) लिहिलंत आणि मॅनेजरने 'असा शब्दच नाही' म्हणत तो खोडला. त्याच हॉटेलच्या जाहिरातीत मात्र 'वर्केशन' (सुट्टीच्या ठिकाणी राहून काम) मोठ्या अक्षरांत झळकतोय. मग इंग्रजीत नवे शब्द बनतात कसे, त्यांना मंजुरी देतं कोण, आणि नोकरभरतीच्या परीक्षेसाठी रोज याद्या पाठ करूनही शब्द डोक्यात का राहत नाहीत?

मी डिचोलीच्या बाजूला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते, सुट्टीत हॉटेलांत काम करणाऱ्या मुलामुलींचे वर्गही घेते. हे तिन्ही प्रश्न मला नेहमी वेगवेगळे विचारले जातात, पण दुखणं एकच असतं. शब्द तुम्हाला अखंड शिकवले गेले. त्याचे सांधे कुठे आहेत ते कुणी दाखवलं नाही. गंमत म्हणजे हेच काम मराठी व्याकरणात आपण केलेलं असतं. सिद्ध शब्द आणि साधित शब्द, उपसर्ग, प्रत्यय, समास. इंग्रजीचा तास सुरू झाला की ती वही आपण दप्तरात ठेवून देतो.

सुरुवात उपसर्गापासून करू. 'इम्पॉसिबल', 'इल्लीगल', 'इर्रेग्युलर' हे तीन वेगळे उपसर्ग म्हणून पाठ करून घेतात. ते तीन नाहीत, एकच 'इन' आहे. पुढच्या अक्षराला तो जुळवून घेतो, 'सत्' आणि 'जन' मिळून 'सज्जन' होतं तसा. मग 'अनपॉप्युलर', 'अनरिअल', 'अनमॅरीड' यांतला 'अन' का बदलत नाही? कारण तो इंग्रजीचा घरचा, जर्मानिक घराण्यातला उपसर्ग. 'इन' लॅटिनमधून आलेला, आणि ही जुळवाजुळव मूळ लॅटिनमधलीच. आपल्याकडेही 'अशक्य'मधला 'अ' संस्कृत शब्दांच्या संगतीत रमतो आणि 'बेजबाबदार', 'गैरहजर' यांतले 'बे' आणि 'गैर' फारसी-अरबी वळणाचे. 'अहजर' आपण म्हणत नाही. तरी 'गैरसोय', 'गैरसमज' अशी सरमिसळ होतेच, आणि कुणाला ती खटकत नाही. इंग्रजीतही नेमकं हेच चालतं: कल आहे, कडक कायदा नाही.

इथे एक इशारा. प्रत्येक 'इन' नकाराचा नसतो. हमरस्त्यावर पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. वर्गात विचारलं की निम्मी मुलं 'पेट न घेणारं' असा अर्थ सांगतात. तो 'इन' लॅटिनमधला 'आत'वाला आहे; शब्दाचा अर्थ 'सहज पेट घेणारं'. हा घोटाळा फक्त आपल्याच मुलांचा नाही, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचाही होतो. म्हणून सुरक्षेच्या पाट्यांवर नुसतं 'फ्लेमेबल' लिहिण्याकडे कल वाढला. नवा शब्द असाही जन्मतो, जुन्याने गोंधळ घातला म्हणून.

आता तुमच्या कामातलं उदाहरण. खोलीतल्या लॉकरबद्दल पाहुणा म्हणाला, 'इट इज अनलॉकेबल'. याचा अर्थ काय? 'अन' इंग्रजीत दोन कामं करतो. विशेषणाला लागला तर नकार: 'अनहॅपी'. क्रियापदाला लागला तर केलेलं उलटवणं: 'अनपॅक', 'अनडू'. त्यामुळे हा शब्द दोन ठिकाणी तुटतो. 'लॉकेबल' आधी जुळवा आणि मग 'अन' लावा: कुलूपच लागत नाही, मेंटेनन्सला बोलवा. 'अनलॉक' आधी जुळवा आणि मग 'एबल' लावा: कुलूप उघडता येतं, सगळं ठीक आहे. अक्षरं तीच, पण कोणता तुकडा कुणाला आधी चिकटला यावर अर्थ फिरतो. माझ्या वर्गात मी यावर अख्खा तास घालवते. हा एक शब्द नीट उलगडला की पुढचे शेकडो शब्द मुलं आपले आपण सोडवू लागतात.

प्रत्ययांचा भाग सोपा वाटतो आणि घसरायला होतं ते तिथेच. 'टीच'चा 'टीचर', 'ड्राइव्ह'चा 'ड्रायव्हर', मग 'कुक'चा 'कुकर'. 'माय मदर इज अ गुड कुकर' हे वाक्य दरवर्षी एखाद्या तरी पेपरात भेटतं. मुलाने नियम चुकवलेला नसतो, उलट तो नियमाला धरूनच चाललेला असतो. अडचण अशी की स्वयंपाक करणाऱ्यासाठी 'कुक' हाच शब्द आधीपासून आहे आणि 'कुकर' भांड्याने पटकावलाय. कदंबच्या बसमध्ये कुणी सीटवर रुमाल टाकून ठेवला की सीट रिकामी दिसली तरी आपण बसत नाही, तसंच हे. चोराला 'स्टीलर' म्हणत नाहीत, कारण तिथे 'थीफ'चा रुमाल. 'फ्युरियस'पासून 'फ्युरिऑसिटी' होत नाही, कारण 'फ्युरी' आहे. 'क्युरियस'पासून 'क्युरिऑसिटी' मात्र होते. मराठीतही 'वेंधळेपणा', 'चोंबडेपणा' असा 'पणा' जवळजवळ कशालाही लागतो. पण 'सुंदरपणा' म्हटलं की लहान मूल बोलल्यासारखं वाटतं, कारण 'सौंदर्य' आधीच बसलेलं असतं. म्हणून स्वतः शब्द बनवताना दोन गोष्टी तपासायच्या: जोड नियमात बसते का, आणि ती जागा आधीच कुणी धरलीय का. दुसरं तपासायला माणसं विसरतात.

तुमच्या डेस्कवर जास्त राबतात ते समास. 'वॉक-इन', 'नो-शो', 'चेक-इन', 'ओव्हरबुकिंग'. इंग्रजी समासात बहुधा शेवटचं पद प्रधान, आपल्या तत्पुरुषासारखं. 'हाऊसबोट' ही बोट, 'बोटहाऊस' हे घर. पण 'पिकपॉकेट' हा खिशाचा प्रकार नाही, खिसे कापणारा माणूस आहे. 'नो-शो' म्हणजे बुकिंग करून न आलेला पाहुणा. हे आपले बहुव्रीही, 'लंबोदर'च्या पंगतीतले. मेल लिहिताना एक लक्षात ठेवा. नाम असेल तेव्हा 'चेक-इन' हायफनने जोडून लिहा. क्रियापद असेल तेव्हा 'चेक इन' सुटं. मॅनेजर लोक 'प्रीपोन' खोडतात आणि हे तसंच सोडतात.

नामाचं क्रियापद करायला इंग्रजीत काही लावावंही लागत नाही. मराठीत निदान 'करणे' जोडावं लागतं. 'गुगल' हे क्रियापद म्हणून २००६ साली मोठ्या कोशांत गेलं. लोक त्याआधी काही वर्षं ते वापरतच होते. काही जोड्यांत फरक फक्त आघाताचा असतो: 'परमिट', 'रेकॉर्ड', 'इम्पोर्ट' हे नाम असताना जोर उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. मराठीत जोराने अर्थ बदलत नसल्यामुळे आपल्या कानाला हे लवकर पकडत नाही. बोलून, ऐकूनच जमतं.

छाटून केलेले शब्द (एक्झाम, लॅब, फ्लू, फ्रिज) तुम्हाला ठाऊकच आहेत. 'बस' त्यातलाच, 'ऑम्निबस' म्हणजे लॅटिनमध्ये 'सर्वांसाठी', आणि आपण शेपटीवर बसून फिरतो. आद्याक्षरांचे शब्दही तसेच: 'रडार', 'लेझर', आणि जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर केलेला 'कोविड'. 'लेझर'मध्ये मात्र एक मजा आहे. शेवटचं 'र' हे मूळ 'रेडिएशन'चं अक्षर. पण लोकांना ते 'टीचर'मधल्या 'अर'सारखं भासलं आणि त्यातून शास्त्रज्ञांनी 'लेझ' असं क्रियापद काढलं. याला मी उलटा प्रत्यय म्हणते: प्रत्यय नव्हताच, तो आहे असं समजून कापला. 'एडिटर'वरून 'एडिट' असाच आला, आधी माणूस आणि मग त्याचं काम. ऑफिसच्या मेलमध्ये ऐटीत वापरला जाणारा 'लिएझ' (समन्वय साधणे) हाही 'लिएझाँ'मधून कापलेला, आणि सुरुवातीला इंग्रजी जाणकारांनी त्याला नाकं मुरडली होती.

चुकीच्या जागी कापणं ही इंग्रजीची फार मोठी टाकसाळ आहे. 'हॅम्बर्गर' म्हणजे जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहराचा. त्यात हॅमचा संबंध नाही. लोकांनी तो 'हॅम' आणि 'बर्गर' असा तोडला आणि 'चीजबर्गर'पासून आपल्या 'व्हेज बर्गर'पर्यंत वंश वाढला. 'हेलिकॉप्टर' ग्रीकमध्ये 'हेलिको' आणि 'प्टर', म्हणजे मळसूत्र आणि पंख. जनतेने केला 'हेली' आणि 'कॉप्टर', म्हणून 'हेलिपॅड'. आपल्याकडचं उदाहरण तर दारातच आहे. 'मंगूस' हा प्राणी इंग्रजीत गेला तो मराठीतल्या मुंगुसावरून. इंग्रजांच्या कानाला त्यात 'गूस', म्हणजे हंस ऐकू आला आणि स्पेलिंगही तसंच झालं. पण 'गूस'चं अनेकवचन 'गीस' होतं म्हणून 'मंगीस' लिहू नका. 'मंगूसेस' हेच रूढ आहे.

गोव्यात बसून इंग्रजी शिकणाऱ्याला उसन्या शब्दांचा रस्ता घरबसल्या दिसतो. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. तिथल्या तुपी भाषेतला शब्द पोर्तुगीजात 'काजू' होऊन एकीकडे मराठी-कोकणीत आला, दुसरीकडे इंग्रजीत 'कॅश्यू' झाला. 'कॉयर' म्हणजे काथ्या आणि 'कोप्रा' म्हणजे खोबरं हे मल्याळममधले. त्यांतला 'कोप्रा' पोर्तुगीजांच्या तोंडून पुढे गेला. तुमच्या मेनूवरचा 'विंदालू' म्हणजे पोर्तुगीज 'विन्या द आल्यूश', वाइन आणि लसूण. शेवटचा 'आलू' ऐकून परदेशातल्या कित्येक रेस्टॉरंटांत त्यात बटाटे पडू लागले. शब्द चुकीचा तोडला की कधी कधी पाककृतीही बदलते! पाहुण्याने बटाट्याबद्दल विचारलं तर हे सांगा, टिप चांगली मिळेल.

यानंतर 'वर्केशन'. पहिल्या शब्दाचं डोकं आणि दुसऱ्याची शेपटी जोडणं, ही जोडशब्दाची चालू तऱ्हा. 'ब्रंच' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, 'मोटेल' १९२५चा, कॅलिफोर्नियातला, 'मोटर' आणि 'हॉटेल' मिळून. 'व्हेकेशन'ची शेपटी आता इतकी रुळलीय की तिला जवळपास प्रत्ययाचं रूप आलंय: 'स्टेकेशन', 'वर्केशन'. असे शब्द जाहिरातीत शोभतात कारण ते थोडे चमत्कारिक असतात, वाचणारा क्षणभर थांबतो. त्यातले बहुतेक दोन-चार हंगामांत विरून जातात.

कारागिरी पाहायची तर 'प्रीपोन' जास्त नीट घडवलेला आहे. 'पोस्टपोन'मध्ये 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोन' हे लॅटिन 'पोनेरे'मधून आलेलं, म्हणजे ठेवणे. 'नंतर ठेवणे' असेल तर 'आधी ठेवणे' का नसावं? जागाही रिकामी होती, इंग्लंड-अमेरिकेतले लोक त्यासाठी सहसा 'ब्रिंग फॉरवर्ड' असं दोन शब्दांत सांगतात. त्यामुळे मॅनेजरचं 'असा शब्दच नाही' हे म्हणणं चूक. तो कोशांत आहे, 'इंडियन इंग्लिश' अशा शेऱ्यासह. पण त्याने तो खोडला ते बरोबर केलं. मँचेस्टरच्या पाहुण्याने तो शब्द कधी ऐकलेला नसतो, आणि चेक-इनच्या वेळेबद्दल पाहुण्याला अंदाज बांधायला लावणं हे हॉटेलचं काम नाही. पाहुणा दिल्लीचा असेल, किंवा तुम्ही हाऊसकीपिंगच्या सहकाऱ्याला व्हॉट्सअॅप करत असाल, तर 'प्रीपोन' बिनधास्त लिहा.

समोरचा कोण आहे, हाच निकष जुन्या शब्दाला नवा अर्थ देण्यालाही लावा. नवे शब्द मोजताना हा प्रकार सुटतो, पण 'माऊस', 'क्लाउड', 'टॅब्लेट' असेच आलेत. गोव्यात पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन भाडी मारणारा तो 'पायलट', आणि समुद्रकाठी जेवायला बसायची जागा ती 'शॅक'. आपल्याला यात काहीच वाटत नाही. पण 'युवर पायलट इज वेटिंग आउटसाइड' ऐकून नुकत्याच विमानातून उतरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काय येतं ते तुम्ही पाहिलं असणार. इंग्लंडमध्ये 'शॅक' म्हणजे मोडकी झोपडी; तिथल्या पाहुण्याला शॅकमध्ये रात्रीच्या जेवणाचं बुकिंग केलंय म्हटलं तर खुलासा करावा लागतो. शब्द चुकीचे नाहीत, ते स्थानिक आहेत. पहिल्यांदा वापरताना सोबत अर्ध्या ओळीत अर्थ द्यायचा, नंतर बेलाशक वापरायचे. पाहुण्यांना ते आवडतातही.

मंजुरीबद्दल विचारलंत. फ्रेंचांकडे १६३५पासून भाषेची अकादमी आहे. इंग्रजीला अशी संस्थाच नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश, ज्याचा पहिला भाग १८८४ला आला आणि पहिली आवृत्ती १९२८ला पुरी झाली, तो लेखी पुरावे गोळा करून नोंद करतो. आज वर्षातून चार वेळा त्यात भर पडते. म्हणजे शब्द आधी चालतो, मग कोशात जातो. आणि चालणं कुणाच्या हातात नसतं. 'सायंटिस्ट' हा शब्द विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्या विद्वानाने 'आर्टिस्ट'च्या धर्तीवर बनवला, १८३४ला छापून आला, तरी ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांना तो कित्येक दशकं आवडला नव्हता. उलट 'सेल्फी' २००२ साली ऑस्ट्रेलियात कुणा साध्या माणसाने सहज लिहिलेला सापडतो, आणि २०१३ला तो ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द ठरतो. २०२० साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशाच्या दहाव्या आवृत्तीत भारतीय इंग्रजीतले २६ नवे शब्द गेले. त्यांत 'आधार' आहे, आणि आपली 'चाळ'सुद्धा. मुंबईकरांनी त्यासाठी अर्ज केला नव्हता.

राहिला पाठांतराचा प्रश्न. अ ते झेड यादी बंद करा. एका दिवशी एकच कुटुंब घ्या. वर 'पोनेरे' आलाच आहे: 'पोस्टपोन' नंतर ठेवणे, 'डिपॉझिट' खाली ठेवलेलं, म्हणजे आपल्या मराठीत 'ठेव'च, 'कम्पोनंट' सोबत ठेवलेला भाग, 'ऑपोनंट' समोर ठेवलेला. हे चार शब्द एकमेकांना धरून राहतात. प्रत्येकाचं एक वाक्य तुमच्या कामातलं लिहा, पुस्तकातलं नको. अर्थाचा अंदाज आधी करा, मग कोश उघडा, कारण 'इन्फ्लेमेबल'सारखे ठग भेटतातच. कोशात अर्थाच्या आधी शेरा वाचायची सवय लावा: अनौपचारिक, जुना, भारतीय, अमेरिकन. शब्द कुठे वापरायचा याचं उत्तर बहुतेक वेळा त्या एका ओळीत असतं.

परीक्षेत हेच ज्ञान वेगळ्या वेशात येतं. गाळलेली जागा असते, सोबत मूळ शब्द दिलेला असतो आणि त्याचं योग्य रूप घालायचं असतं. तिथे शब्दाकडे शेवटी बघा, आधी जागेकडे बघा. 'द गेस्ट वॉज डॅश विथ द रूम अँड आस्क्ड फॉर अ रिफंड', आणि दिलेला शब्द 'सॅटिसफाय'. 'वॉज' आणि 'विथ'मध्ये विशेषण हवं, हे बहुतेकांना कळतं आणि ते 'सॅटिसफाइड' लिहून पुढच्या प्रश्नावर जातात. पैसे परत मागणारा पाहुणा समाधानी कसा असेल? उत्तर 'डिससॅटिसफाइड'. परीक्षक सापळा नेहमी वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात लावतो, म्हणून पूर्णविरामापर्यंत वाचल्याशिवाय पेन टेकवू नका.